व्यवसाय : शेती

"नाना, दुसरं भांडं आणा. हे भरलं."

टेबलावर मॅनेजर उभा होता. मॅनेजर हे कुत्र्याचं नाव. गावठी, पिवळट, एक कान दुमडलेला, वय सात वर्षं. त्याच्या उजव्या बरगड्यांच्या फटीत माझी सुई होती. सुईला सलाईनची नळी जोडलेली होती आणि नळीतून स्टीलच्या भांड्यात लालसर पाणी पडत होतं. कुत्रं एरवी सुई बघून टेबल उलटं करतं. हा मात्र मुकाट उभा होता, कारण जेवढं पाणी बाहेर येत होतं तेवढा श्वास त्याला आत घेता येत होता. दहा दिवसांपूर्वी मी असंच भांडंभर पाणी काढलं होतं. ते सगळं परत भरलं होतं.

"ताई, पानी परत भराई का?" भास्करआबांनी विचारलं. ते मालक. मॅनेजरचं तोंड त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं. धरलं म्हणजे कुरवाळत होते.

"बघू," मी म्हणाले. डॉक्टर 'बघू' म्हणतो तेव्हा त्याला काही दिसलेलं नसतं.

मी पशुवैद्यक आहे. मूळची धुळ्याची. बरीच वर्षं सरकारी नोकरी केली, मग मुदतीआधी निवृत्ती घेऊन पारोळ्यात लहानसा दवाखाना थाटला. गायी, म्हशी, बकऱ्या जास्त येतात. कुत्री हल्ली वाढली आहेत. नाना माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून कंटाळले आणि माझ्याकडे आले. जनावर धरायला त्यांच्यासारखा माणूस नाही. केसपेपरही तेच लिहितात, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही.

हा केसपेपर मी जळगावच्या एका प्रेसमधून छापून घेतला होता. मालकाचं नाव, गाव, जनावर, वय, तक्रार. शिवाय 'मालकाचा व्यवसाय' असा एक रकाना. कॉलेजच्या केसपेपरवर तो होता, म्हणून मीही ठेवला. नाना तो इमानेइतबारे भरत. सगळ्यांचा व्यवसाय शेती. एसटी कंडक्टरच्या मांजरीच्या पेपरवर शेती. फरसाणवाल्याच्या पोपटाच्या पेपरवरही शेती. मला गंमत वाटायची. मी तो रकाना छापला होता, पण वाचत कधीच नव्हते.

मॅनेजर पहिल्यांदा आला तेव्हा आबा त्याला गावातल्या रिक्षातून घेऊन आले होते. पारोळ्यापासून आठ-नऊ किलोमीटर आत त्यांचं गाव.

"ताई, याले दम लागी ऱ्हायना. दोन दिन व्हयनात, काहीच खात नही."

"मॅनेजर नाव कोणी ठेवलं?"

"मीच. काम काहीच करत नही, पन जागावरथून हालत नही."

मी हसले. मग स्टेथोस्कोप लावला आणि हसू गेलं. कुत्र्याच्या छातीत वरच्या भागात श्वासाचा आवाज होता, खाली काहीच नव्हतं. अर्धी भरलेली घागर वाजवून बघावी तसा प्रकार. छातीत पाणी होतं.

आमच्याकडे कुत्र्याचा एक्स-रे काढायचा म्हणजे माणसांच्या एक्स-रेवाल्याकडे जायचं. सकाळी, त्याचे पेशंट यायच्या आत. संजूभाऊ हे काम करतो आणि कुणाला सांगत नाही. फोटो आला. दोन्ही बाजूंना छाती निम्म्यापर्यंत पांढरी. मी पाणी काढलं. ते लालसर निघालं.

छातीत असं पाणी होण्याची कारणं पुष्कळ. हृदय थकलेलं असतं, आत काही फुटलेलं असतं, उंदराचं औषध पोटात गेलेलं असतं, क्षय असतो, गाठ असते. आणि आमच्या भागात गोचिडताप असतो. गोचिडीतून रक्तात जंतू जातात, रक्त पातळ होतं आणि नको तिथे पाझरतं. मॅनेजरच्या कानात दोन गोचिडी सापडल्या. मला तेवढं पुरलं. औषधं सुरू केली आणि आबांना म्हणाले, "होईल बरा."

दहा दिवसांनी दुसरं भांडं भरलं. ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

या वेळी पाण्याचा नमुना मुंबईच्या लॅबला पाठवला. रिपोर्ट आला तो दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. पाण्यात मेसोथेलियमच्या पेशी भरपूर आहेत, त्या चिडलेल्या दिसतात, कॅन्सर असू शकेल किंवा नसेलही.

हे मेसोथेलियम म्हणजे काय ते सांगते. छाती आणि पोट आतून एका अगदी पातळ पापुद्र्याने मढवलेलं असतं. कांद्याच्या आतला पारदर्शक पापुद्रा असतो तसा. फुफ्फुसावरही तोच, हृदयाभोवतीही तोच. त्याच्यामुळे आतले अवयव एकमेकांवर न घासता सरकतात. या पापुद्र्याला काहीही त्रास झाला की त्याच्या पेशी सुटतात आणि भिंगाखाली भयंकर दिसतात. खरोखर कॅन्सर झाला तरी भयंकरच दिसतात. दोन्हींतला फरक नुसत्या पाण्यावरून सांगणं अवघड. खात्री करायची तर त्या पापुद्र्याचाच तुकडा काढावा लागतो. त्या कॅन्सरला मेसोथेलिओमा म्हणतात. कुत्र्यांत तो इतका दुर्मीळ की कॉलेजात आम्हाला त्यावर एकच परिच्छेद होता. परीक्षेला येणार नाही म्हणून मी तो वगळला होता.

माझी वर्गमैत्रीण शुभांगी पॅथॉलॉजी शिकवते. तिला फोन लावला. तिने रिपोर्ट ऐकून घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"मालक काय करतो गं?"

"का?"

"काही केसेसमध्ये मालकाच्या कामात ॲस्बेस्टॉस निघतो. सिमेंटचे पत्रे, पाईप, जुन्या बॉयलरचं वेष्टण. त्याचे तंतू बारीक असतात, श्वासातून आत जातात आणि तिथेच रुततात. माणसात आजार दिसायला तीस-चाळीस वर्षं लागू शकतात. कुत्र्याचं आयुष्यच लहान, त्यामुळे त्याच्यात आधी दिसतं. म्हणून विचारते."

मी केसपेपर पुढे ओढला. त्या रकान्यात मी पहिल्यांदा वाचायच्या इराद्याने बघितलं.

"शेती," मी म्हणाले.

"कसली?"

"कापूस, मका असेल. इकडे दुसरं काय असतं?"

"मग तो संबंध नसेल. तरी बायॉप्सी कर."

एवढंच बोलणं झालं. आबा त्या वेळी बाहेर बाकावर बसले होते. दार उघडून विचारलं असतं तर अर्धं मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही. कागदावर लिहिलं होतं ना.

बायॉप्सी धुळ्याला केली. माझा एक ज्युनिअर तिथे ऑपरेशनं करतो. आबा, नाना आणि मी, मधे मॅनेजर, असे आम्ही गेलो. बरगड्यांमध्ये लहानशी चीर घेतली आणि ज्युनिअरने मला खुणेने जवळ बोलावलं. आतलं अस्तर गुळगुळीत, चकचकीत असायला हवं. त्यावर भिजवलेला साबुदाणा पसरावा तसे दाणे होते, जिथवर दिसत होतं तिथवर. त्याने तुकडा घेतला, टाके घातले. परतीच्या वाटेवर आबा विचारत होते, हा आता कधी जेवेल. मी म्हणाले उद्या. ते खरं ठरलं, दुसऱ्या दिवशी तो जेवला.

आठवड्याने रिपोर्ट आला. मेसोथेलिओमा.

वाईट बातमी फोनवर द्यायची नाही, हा माझा नियम आहे. नानांना घेतलं आणि आबांच्या गावी गेले. गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच त्यांचं घर. मी गाडीतून उतरले आणि तिथेच थांबले.

घराच्या बाजूला मोठं आवार होतं. आवारात सिमेंटचे जुने पत्रे. रचून ठेवलेले, टेकवलेले, फुटलेले, अर्धे कापलेले. जिनिंगच्या शेडवरचे, पोल्ट्रीवरचे, कुठकुठल्या गोडाऊनवरचे. मधोमध लाकडी घोडी, तिच्यावर ग्राइंडर. आणि ग्राइंडरखाली राखाडी पुडीचा ढीग, बसल्या म्हशीएवढा. ढिगाच्या कुशीत एक गोल खळगा होता. कुत्रं रोज एकाच जागी वळकटी करून झोपलं की होतो तसा.

आबा पत्रा कापत होते. तोंडाला काही नाही, गळ्यात नुसती दस्ती, म्हणजे रुमाल. मला बघून त्यांनी ग्राइंडर बंद केला. भुवया पांढऱ्या झालेल्या.

"आबा, हे कोणाचं?"

"मनंच शे. जुना पत्रा आणस, कापी देस. कोना गोठा, कोनी मोटारनी खोली."

"किती वर्षं?"

"व्हई गयात ना तीस वरीस."

"केसपेपरवर तर शेती लिहिलंय."

"शेती शेच ना ताई. दोन बिघा वावर शे. बटाईले दियेल शे." मग जरा ओशाळून म्हणाले, "हाई काय धंदा शे? हाई तं आसंच, पोटसाठे."

मी नानांकडे बघितलं. नाना दुसरीकडे बघत होते.

"नाना, तुम्हाला माहीत होतं?"

"आपला दवाखानाम्होरला शेडना पत्रा आठलाच शे," नाना हळूच म्हणाले. "पन आबासले पत्रेवाला लिखू का मी? वाईट वाटी त्यासले."

मी तिथे चिडणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण खरं सांगते, नानांवर चिडायला मला तोंड नव्हतं. इथल्या माणसाला तुम्ही काय करता विचारलं की तो शेती सांगतो. जमीन विकून झाली असली तरी तेच सांगतो. आणि लिहिणारा मान राखून तेच लिहितो. मी याच मातीतली. माझे वडील धुळ्यात पोस्टात होते, माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचा व्यवसाय शेती आहे. ही रीत मला ठाऊक नव्हती असं कोणत्या तोंडाने म्हणू?

मॅनेजर ओट्यावर बसला होता. पुढचे कोपरे बाहेर काढून, मान लांब करून. छातीत पाणी असलेलं कुत्रं असंच बसतं. आडवं झालं की पाणी फुफ्फुसावर चढतं आणि जीव गुदमरतो, म्हणून ते आडवं होत नाही. हे लक्षण मी दारातून ओळखते.

आबांच्या घरच्या, इंदूअक्का, चहा घेऊन आल्या. पन्नाशी उलटलेली बाई, हडकलेली. त्यांनी आधी आबांचा काढून ठेवलेला सदरा ओट्याच्या कडेला दोनदा झटकला, पूड उडाली, मग तो धुण्यात टाकला. मग केरसुणीने बाजेखालची जागा झाडली आणि माझ्यासाठी बाज पुढे ओढली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

मी आबांना सांगायला लागले. दवाखान्यात मी पुस्तकी मराठी बोलते, पण ते काही माझ्या तोंडून निघेना. पहिलं वाक्य घरच्या अहिराणीतच निघालं.

"आबा, मॅनेजर आते बरा नही व्हणार."

आबा खाली बसले. बराच वेळ त्यांनी मॅनेजरच्या दुमडलेल्या कानावरून हात फिरवला.

"कशाथून व्हयनं?"

"ही पूड कारण असू शकते. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही. पण तो झोपतो कुठे ते मी बघितलंय."

"तठेच झोपस तो, लहानपनथून. उन्हायामा गार लागस त्याले."

मुंबईला नेऊन छातीत औषध सोडता येतं, त्याने थोडे महिने वाढू शकतात, हेही सांगितलं. आबा नको म्हणाले. इतका प्रवास, परकी जागा, परकी माणसं. मग आपण पाणी काढत राहू, त्याला त्रास कमी होईल, असं ठरलं. आणि मग मी मूळ मुद्द्यावर आले.

"आबा, तुम्ही छातीचा फोटो काढा."

"मना काबर? तुम्ही जनावरना डॉक्टर शेतस."

"खोकता ना तुम्ही?"

"खोकला ते धूळना शे."

"तेच म्हणतेय मी."

ते ऐकेनात. काही होत नाही, इतकी वर्षं काही झालं नाही, आणि बापही खोकायचा, तो तर पत्रे कापत नव्हता. शेवटी माझा पारा चढला.

"तुम्ही फोटो काढणार नसाल तर मी मॅनेजरचं पाणी काढणार नाही."

"ताई, हाई धमकी शे का?"

"हो."

तेव्हा अक्का हसल्या. भिंतीला टेकून, उजव्या कुशीला हात लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काढा फोटो. ताई सांगतस ना. आनि ताई, माले बी आडवं पडता येत नही आजकाल. भितले टेकीसन झोपस. काही गोळी शे का?"

"गॅस होत असतील अक्का," मी म्हणाले. "रात्रीचं हलकं खात जा."

मी जनावरांची डॉक्टर. माणसाला औषध सांगायचा मला अधिकार नाही, म्हणून गोळी दिली नाही. सल्ला मात्र देऊन मोकळी झाले. 

आबा चार दिवसांनी फोटो काढायला आले. संजूभाऊकडेच. तिथून धुळ्याच्या छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, दोन्ही फुफ्फुसांवर व्रण आहेत, अस्तर जागोजाग जाड झालंय. पाणी नाही, गाठ नाही. पत्रे आजपासून बंद, दरवर्षी तपासणी. आबांनी ग्राइंडर खरंच बंद केला. पुडीच्या ढिगाला हात लावू नका, झाडू नका, आधी ओला करा आणि ताडपत्री टाका, असं मी फोनवर बजावलं. तेही त्यांनी केलं. माझ्या दवाखान्यासमोरच्या शेडचं काय करायचं तेही विचारून घेतलं. अखंड पत्रा नुसता डोक्यावर असला तर फारसं काही करत नाही, कापला-फोडला की वाईट. मी त्याला रंग मारून घेतला. मला बरं वाटलं. कुत्रं जाणार, पण कुत्र्यामुळे माणूस सापडला, असं मी शुभांगीला फोनवर सांगितलंसुद्धा. जरा फुशारकीनेच सांगितलं.

मॅनेजरचं पाणी आम्ही काढत राहिलो. आधी दहा दिवसांनी, मग आठवड्याने, मग चार दिवसांनी. तो टेबलाजवळ आला की स्वतःहून उजवी बाजू माझ्याकडे करायचा. नानांना ते बघवत नसे. ते भांडं ठेवून बाहेर जात आणि मी हाक मारली की येत. पुढे पुढे पोटातही पाणी झालं. बरगड्या मोजता येत आणि पोट माठासारखं. भाकरीवर दूध घातलं तर तो नुसता वास घ्यायचा.

एका सकाळी आबांचा फोन आला. "ताई, आते बस करा. त्याना हाल देखायत नही."

मी आणि नाना गेलो. अशा वेळी जनावराला शेवटचं इंजेक्शन देतात. आधी गुंगीचं, मग दुसरं. आमच्यात त्याला 'झोपवणं' म्हणतात. मी ते पुष्कळदा केलंय आणि कधीही सवयीचं झालं नाही. ओट्यावर गोधडी अंथरली होती. मॅनेजर तिच्यावर बसला होता, तसाच, कोपरे बाहेर, मान लांब. आबांनी त्याचं तोंड धरलं. अक्का शेजारी बसल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी गुंगीचं इंजेक्शन दिलं. हळूहळू त्याचे पाय सैल पडले आणि तो कुशीवर कलंडला.

"देखा," अक्का म्हणाल्या, "पडना आडवा. कितला दिनमा आडवा पडना नव्हता." त्यांचे डोळे भरले होते. मग आपल्याशीच बोलावं तशा म्हणाल्या, "मनं बी आसंच व्हस, माय."

माझ्या हातात दुसरी सिरिंज होती. मी अक्कांकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसल्या होत्या. खांदे वर चढलेले. श्वास आखूड आणि भरभर. जे लक्षण मी कुत्र्यात दारातून ओळखते म्हणून तोरा मिरवला, ते दोन-अडीच महिन्यांपूर्वी याच ओट्यावर माझ्यासमोर बसलं होतं. त्याने मला चहा आणून दिला होता. मला गोळी विचारली होती.

मॅनेजरचं काम मी पूर्ण केलं. ते अर्धं सोडता येत नाही. मग हात धुतले आणि म्हणाले, "अक्का, जरा पाठ करा माझ्याकडे."

मला अधिकार नव्हता. तरी स्टेथोस्कोप लावला. डावीकडे श्वास होता. उजवीकडे वरती होता, खाली काहीच नव्हतं. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं बरोबर काम केल्यावर त्यांना विचारायची गरज पडत नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आधी मॅनेजरला आवाराच्या पलीकडे, पूड नसलेल्या जागी पुरलं. मग अक्कांना गाडीत बसवलं आणि संजूभाऊकडे नेलं. फोटो ओला असतानाच दिसलं. उजवी बाजू पांढरी.

पुढचं सगळं मला पाठ होतं. पाणी, लालसर. रिपोर्ट, ना धड हो, ना धड नाही. मग तुकडा. मग तोच शब्द. फरक एवढाच की या वेळी तो मी सांगायचा नव्हता, धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगायचा होता. मी बाजूला उभी होते. त्यांनी मुंबईच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली. तीस वर्षं ग्राइंडर आबांनी चालवला होता. पण सकाळ-संध्याकाळ अंगण अक्का झाडत. आबांचे कपडे त्या झटकत, धूत. दुपारी ग्राइंडरशेजारीच भाकरी घेऊन जात. आबा निदान माल पोचवायला बाहेर तरी जात. अक्का कुठेच जात नव्हत्या.

डॉक्टरांच्या टेबलावर अक्कांचा केसपेपर होता. मी तो उलटा वाचला. नाव, वय, गाव. व्यवसाय : गृहिणी.

"सर, इथे एक गोष्ट लिहायची राहिलीय," मी म्हणाले.

"काय?"

"यांनी तीस वर्षं ॲस्बेस्टॉसची पूड झाडलीय. रोज दोन वेळा."

 मग पेन उघडून त्यांनी ते लिहून घेतलं.

अक्का मुंबईला दोनदा जाऊन आल्या. तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या. पुढच्या उन्हाळ्यात, कैऱ्या धरल्या होत्या तेव्हा, त्या गेल्या. भिंतीला टेकून बसलेल्या असतानाच. आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या का? डॉक्टर म्हणतात नाही. हा आजार आधी कळला तरी बहुतेकदा फार काही हाती लागत नाही. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगून बघितलं. पण अडीच महिने त्यांचं पाणी कुणी काढलं नव्हतं. तेवढे दिवस त्यांना श्वास पुरेसा मिळाला असता. कुत्र्याला तो मी दर आठवड्याला देत होते.

यातून काय शिकलात असं लोक विचारतात. मोठं काही नाही. जुने केसपेपर रद्दीत घातले आणि नवे छापले. 'मालकाचा व्यवसाय' हा रकाना काढून टाकला. त्या जागी दोन ओळी आहेत. घरात कोण कोण आहे? दिवसभर कोण काय करतं? नाना त्या विचारतात आणि लोक वैतागतात. बकरीला जुलाब झालेत आणि तुम्हाला आमच्या घरचं काय करायचंय, असं नाना ऐकून घेतात. तरी विचारतात. पान कोरं असलं की मी पेशंट टेबलावर घेत नाही.

गेल्या महिन्यात आबा आले होते. कुणीतरी त्यांना एक काळं पिल्लू दिलंय. लस टोचायची होती. नानांनी केसपेपर पुढे घेतला आणि पेन उघडून नुसतेच बसले. आबांनीच सांगितलं.

"लिखा नाना. पत्रा कापाना धंदा. तीस वरीस."

नानांनी लिहिलं. वरची ओळ तशीच राहिली होती, घरात कोण कोण. ती काही त्यांच्याने विचारवेना. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, एकटे.